चेहरा दुरुस्तीबाबत

तानाबाई बासष्टाव्या वर्षी दुसऱ्या श्रेणीत बी.ए. झाल्या. पण तसं काही झालेलंच नाही, असं मंगळवार पेठेतल्या त्या घरात ठरलं आहे, तेव्हा आपणही तसंच धरून चालू.

बी.ए. करत होती त्यांची सून, वर्षाराणी. शाळेत सहा वर्षं तात्पुरती कारकून. पदवी दाखवली की कायम. म्हणून घरबसल्या शिकायचं ठरलं. पहिल्या दिवशी विद्यापीठाच्या ॲपनं ओळखीसाठी चेहरा मागितला, तेव्हा ती म्हशीखाली धारेला बसली होती आणि चार गिऱ्हाइकं ताज्या दुधासाठी पेले घेऊन उभी होती. तिनं सासूला तेवढा फोन धरायला सांगितलं. कुठल्या बाजूनं धरायचा, म्हणून तानाबाईंनी आत डोकावून पाहिलं. हिरवी खूण उमटली.

तिथून पुढं तीन वर्षं ॲप दुसऱ्या कुणाला ओळखेना. तासाला तानाबाई बसायच्या, वर्षाराणी फोनच्या मागं बसून लिहून घ्यायची. परीक्षेतही तेच, उत्तर सुनेचं, तोंड सासूचं. विद्यापीठाला तिनं अकरा मेल केले. आपली तक्रार सुटली आहे, असं अकरा वेळा कळलं.

निकालाआधी समाधानाचा फॉर्म सक्तीचा होता. तोही तानाबाईंच्या तोंडाशिवाय उघडेना, म्हणून वर्षाराणीनं त्यांनाच विचारलं, शिक्षणाबद्दल किती समाधानी आहात.

"लई," तानाबाई म्हणाल्या. "तीन वर्सं मास्तर घरात बोलतोय, पर एकदाबी च्या मागितला न्हाय."

"अडचणी काय आल्या, आत्ती?"

"तू मागनं सारखी खोकतीस की."

वर्षाराणीनं दोन्ही लिहिलं.

पदवी आली. नाव वर्षाराणीचं, फोटो डोक्यावर पदर घेतलेल्या तानाबाईंचा. शाळेचे मुख्य कारकून त्र्यंबकराव यांनी फोटो पाहिला, तिला पाहिलं. जागा सोमवारी भरणार, फोटोतल्या बाईंना पाठवा, म्हणाले. आपल्याला राग यायला पाहिजे, असं वर्षाराणीला वाटलं. तिनं जरा वाट पाहिली. आला नाही. घरी येऊन तिनं म्हशीला पेंड घातली, हात धुतले आणि या वेळी विद्यापीठाला कागदावर लिहायला घेतलं.

"महोदय, एकदा दिलेल्या पदवीत कोणताही बदल करता येत नाही, असे आपण कळवले आहे. ते मान्य आहे. सोबत सासूबाईंचे संमतिपत्र जोडले आहे. तरी अर्जदाराचा चेहरा पदवीवरील फोटोप्रमाणे दुरुस्त करून सोमवारपूर्वी मिळावा, ही नम्र विनंती."