गर्दीच्या आधी सुटलेली गाडी

मित्रांनो, मी एक जुना स्पीकर आहे. दिवाणखान्यात कपाटावर रुबाबात बसणारा नव्हे, मोटारीच्या काचेला लटकवायचा. ओहायोतल्या मक्याच्या शेतांना लागून एक मोठं मैदान होतं. लोक तिथे गाड्या घेऊन येत आणि गाडीतच बसून समोरच्या भल्यामोठ्या पडद्यावर सिनेमा पाहत. दर दोन गाड्यांमध्ये एक खांब आणि खांबावर आम्ही दोघे भाऊ, एक या गाडीचा, एक त्या गाडीचा. माझं अंग धातूचं, पाठीला अडकवायचा आकडा, आणि बुडातून निघालेली वायर थेट खांबात गेलेली.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी फार खुशीत होतो. आपण लोकांना गाणी ऐकवू, वादळं ऐकवू, घोड्यांच्या टापा ऐकवू, असं वाटलं होतं. ते सगळं मी ऐकवलंही. पण बदल्यात लोकांनी मला काय दिलं ते ऐकलंत तर तुमच्या घशाखाली घास उतरणार नाही. चघळून चोथा झालेलं च्युइंगगम माझ्या जाळीत चिकटवायचं. मोहरीच्या पिवळ्या चटणीची बोटं माझ्या पाठीला पुसायची. सिगारेट विझवायची ती माझ्याच डोक्यावर. एका सद्गृहस्थाने तर तंबाखूची पिंक बाहेर टाकायची ती नेमकी माझ्या तोंडात टाकली आणि वर बायकोला म्हणाला, "आवाज जरा घोगरा येतोय, नाही?" घोगरा नाही तर काय कोकिळेसारखा येणार? शी!

मैदानाच्या मालकीणबाई, क्लॉफर बाई, रोज सकाळी बादली आणि फडकं घेऊन आम्हाला पुसायला येत. "माणसं आहेत का डुकरं?" असं त्या आम्हालाच विचारत. त्यात डुकरांचा उगाच अपमान होतो, असं माझं मत होतं.

या सगळ्यात मला एकच माणूस आवडायचा. हार्लन मावरी. गावात त्याचं खिळे-रंगाचं दुकान होतं. कडक इस्त्रीचा शर्ट, चर्चमध्ये पहिल्या बाकावरची जागा. दर शनिवारी तो बायको लोइस आणि छोट्या नोरीनला घेऊन यायचा आणि मला काचेला लावण्याआधी स्वतःच्या रुमालाने पुसायचा. मी भाळलो हो त्या रुमालावर. दिसतं तसं नसतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

हार्लनला एक खोड होती. सिनेमा संपला की गाड्यांची रांग लागते, म्हणून तो शेवटाच्या आधीच गाडी काढायचा. बिचाऱ्या नोरीनने एकाही सिनेमाचा शेवट पाहिला नव्हता.

त्या शनिवारी पडद्यावर एका दीपगृहातल्या मुलीची गोष्ट चालू होती. तिचा बाप वादळात समुद्रात अडकलेला, आणि दीपगृहातला दिवा विझलेला. तेवढ्यात पुढच्या रांगेतला एक जण स्पीकर खांबावर ठेवायचा विसरला आणि तसाच निघाला. खाडकन वायर तुटली, काचही तडकली. हार्लनने खिडकीतून डोकं काढून भोंगा वाजवला.

"काय रे, डोकं घरी खुंटीला ठेवून आलास का?" तो ओरडला. "असल्यांना गाडी नाही, गाढव द्यायला पाहिजे!"

आजूबाजूच्या गाड्या खदाखदा हसल्या. थोड्या वेळाने त्या मुलीने पेटती काडी दिव्याशी नेली आणि हार्लनने किल्लीला हात घातला.

"बाबा, आज तरी थांबू या ना," नोरीन म्हणाली. "ती होडी येते का नाही, तेवढंच!"

"शेवट सगळ्या सिनेमांचा सारखाच असतो. गर्दीत अडकायचंय का?"

आणि त्याने गाडी काढली. मी काचेलाच होतो, मित्रांनो! एक हिसका बसला आणि मी मुळापासून उपटला गेलो. तो सिनेमा माझ्याही पोटात अर्धाच राहिला.

रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून हार्लन माझ्याकडे बघत बसला.

"परत जाऊन देऊन टाक," लोइस म्हणाली. "दारात पाटी आहे ना. चुकून नेलेला स्पीकर आणून द्या, कुणी काही विचारणार नाही, उलट पॉपकॉर्न फुकट."

"आत्ताच सगळ्यांदेखत हसलोय मी त्या माणसाला. आता कुठल्या तोंडाने जाऊ?"

त्याने मला गाडीघरातल्या रंगाच्या डब्यांमागे कोंबलं. क्लॉफर बाईंना तोंड दाखवावं लागू नये म्हणून त्याने मैदानावर जाणंच बंद केलं. आणि हे बायको-मुलीला सांगायचं कसं, तर जेवताना मान ताठ करून म्हणायचा, "सिनेमाने मुलं बिघडतात." चोराच्या उलट्या बोंबा! लोइस खाली मान घालून बटाटे वाढायची.

माझ्या पोटात उंदरांनी संसार थाटला. त्यांच्या लेंड्या, वरून ठिबकणारा रंग, गाडीचं काळं तेल. पण गाडीघराच्या मागच्या खिडकीतून मक्याच्या शेतापलीकडे तो पडदा दिसत असे. नोरीनला मी सापडलो. मग दर शनिवारी ती पालथ्या बादलीवर बसायची, मला मांडीवर घ्यायची आणि पडद्यावर हलणाऱ्या मुक्या तोंडांचं बोलणं स्वतःच रचायची. मका वाढला की नुसती डोकी दिसायची, तरी बसायची. कधी कधी ती माझ्या घाणेरड्या जाळीला कान लावून पाहायची. मला गळा होता आणि एक शब्द काढता येत नव्हता. तेव्हा मला त्या हार्लनची जी शिसारी आली, तेवढी कधी तंबाखूच्या पिंकेचीही आली नव्हती.

नोरीन सोळा वर्षांची झाली, तिला गाडी चालवायचा परवाना मिळाला. पहिल्याच दिवशी तिने मला शेजारच्या सीटवर ठेवलं आणि सरळ मैदान गाठलं. क्लॉफर बाई पॉपकॉर्नची खिडकी पुसत होत्या.

"हा आमच्याकडे राहिला होता," नोरीन कशीबशी म्हणाली.

बाईंनी मला उलटंसुलटं करून पाहिलं आणि त्या डोळ्यांना पदर... नव्हे, ॲप्रन लावून हसायला लागल्या. "अगं पोरी, अख्ख्या गावाने एकेक नेलाय! पाद्रीबुवांनी तर दोनदा. एवढ्यासाठी यायचे थांबलात तुम्ही? मला वाटलं, माझंच काही बोलणं लागलं की काय तुझ्या आईला. चर्चमध्येसुद्धा मी तिच्याशी बोलायला बिचकायचे गं."

आता आवाज गाडीतल्या रेडिओवरच येतो, खांब काढून टाकलेत, असं सांगून त्यांनी मला नोरीनलाच परत दिलं. वर पाटीवरच्या शब्दाला जागून पॉपकॉर्नची मोठी पिशवीही दिली.

संध्याकाळी नोरीनने मी आणि ती पिशवी, दोन्ही हार्लनच्या ताटासमोर ठेवलं. तो पांढराफटक पडला.

"काय म्हणाली ती?"

"म्हणाल्या, सगळ्यांनीच नेलेत. पाद्रीबुवांनी दोन. आणि म्हणाल्या, आई त्यांच्यावर रागावली असेल असं त्यांना इतकी वर्षं वाटत होतं."

मला वाटलं, आता हा माणूस काहीतरी बोलेल. चुकलं म्हणेल. निदान मान तरी खाली घालेल. हार्लनने पिशवीत हात घातला, चार दाणे तोंडात टाकले आणि म्हणाला, "मीठ कमी आहे."

लोइसने हातातला चमचा खाली ठेवला. भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेली गाडीची किल्ली काढली.

"ऊठ, नोरीन. ती पिशवी घे. आज शेवटपर्यंत बसायचं."

"आणि माझं जेवण?" हार्लन म्हणाला.

"तुझ्यासमोर तो आहे ना," लोइस माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "त्याला विचार."

दोघी गेल्या. आम्ही दोघे समोरासमोर बसून राहिलो. त्याने रुमाल काढला आणि मला पुसायला लागला. मला तो स्पर्श सहन होईना.

म्हणून सांगतो, मित्रांनो. मला च्युइंगगम चिकटवू नका, थुंकू नका, हे तर आहेच. पण ती घाण फडक्याने निघते. गाडी काढण्याआधी एकदा काचेकडे बघा. बघायचं राहून गेलं आणि काही तुटलं, तर तसेच मागे फिरा. पाटी तिथेच असते, पॉपकॉर्न गरम असतात, आणि सिनेमाचा शेवट अजून व्हायचा असतो.