मुकं चाक

अण्णाचा रस्ता डोळ्यांमुळे सुटला, हे घरात कुणी बोलायचं नाही. रहदारी वाढली, लोक माजले, गाडीवाल्यांना रस्ता आपल्या बापाचा वाटतो, असं बोलायचं. जन्मभर बस चालवलेला माणूस. गाडीच्या आरशाला कधी चरा पडू दिला नाही, म्हणून डेपोतले त्याला 'काच' म्हणायचे. काचेलाच तडा गेलाय हे कोण सांगणार? आईला माहीत होतं. ती नवऱ्याचं ताट रोज त्याच जागी ठेवायची, पाण्याचा पेला त्याच बाजूला, आणि तोंड शिवून बसायची. असल्या गप्प बसण्याला लोक संसार म्हणतात.

मुलीला मात्र पत्ता नव्हता. तिचं सायकल दुरुस्तीचं दुकान. सदानकदा हातात पाना, म्हणून अख्खी गल्ली तिला पानाच म्हणायची. अण्णानं रस्ता सोडला तेव्हा तिनंच त्याला जंगलातली वाट दाखवली. वाटेच्या तोंडाशी लोखंडी फाटक, त्याच्या बाजूला सायकल जाईल एवढीच फट. आत गाडी नाही, हॉर्न नाही, धूर नाही. खडीची वाट, दोन्ही अंगांना उंच झाडं, सावलीत वाळल्या पानांचा थर. तिनं त्याला ग्रॅव्हल सायकल जुळवून दिली. जाड टायर, वाकडं हँडल, खडीवर न घसरणारी. म्हातारा तिच्यावर बसला आणि शिट्टी वाजवायला लागला. त्याला शिट्टी येते हे घरात कुणाला ठाऊकच नव्हतं.

दर रविवारी सकाळी दोघं निघायची. अण्णाची एकच अट.

"तू पुढे. मी मागे."

"का? माझ्यावर पाळत ठेवायला?"

"तुझं मागचं चाक डुगडुगतं. ते बघत येतो."

"माझं चाक? अण्णा, साऱ्या गावाची चाकं सरळ करते मी."

"म्हणूनच. न्हाव्याचे केस कोण बघतं?"

तिला ते प्रेम वाटायचं. चालवताना तो मान तिरकी धरायचा. विचारलं की म्हणायचा, मान आखडलीय. तिनं त्याला मलम आणून दिलं. तो इमानदारीत चोळायचाही. थापा मारणाऱ्याला मेहनत फार करावी लागते.

तिचं मागचं चाक भलतं बडबडं होतं. पेडल मारायचं थांबलं की फ्रीव्हील कडकड वाजायचं. गिऱ्हाइकं चेष्टा करायची, "पाना आली बघा, फुटाणे फोडत." एका शनिवारी दुकानात कुणी नव्हतं. तिनं ते फ्रीव्हील उघडलं, आतल्या खिट्ट्या धुतल्या, घट्ट ग्रीस भरलं, चार बोटं जास्तच भरलं. चाक फिरवून पाहिलं. हूं नाही की चूं नाही. पोर खूश. कारागिराला मशीन गप्प बसलं की आपण जिंकल्यासारखं वाटतं.

रविवारी चढ नेहमीसारखा गेला. चढावर पाय थांबतच नाहीत, त्यामुळे फ्रीव्हील तसंही वाजत नाही, आणि टायरखाली खडी करकरत असते. मग उतार लागला. तिथं पानांची गादी, टायरचाही आवाज येईना. वळणाच्या अलीकडे तिनं पाय थांबवले आणि ती वळली. वळणावर लाल जॅकेटातली एक बाई चालत आली होती. सायकली बघून ती बाजूला झाली, झाडाला पाठ टेकून उभी राहिली. पानानं मान हलवली. बाई हसली.

मग पाठीमागं धप्प झालं, आणि किंकाळी.

पाना सायकल टाकून पळत मागे आली. अण्णा मातीत पडला होता. त्याची सायकल बाईच्या पायांवर, आणि बाईचा हात मनगटापासून भलतीकडेच वळलेला.

"मध्येच आली ही!" अण्णा ओरडला.

"मी?" बाईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "अहो, मी जागची हललेसुद्धा नाही. तुम्ही सरळ माझ्याकडे बघत आलात. बघत बघत आलात हो!"

पानानं सायकल बाजूला केली, गळ्यातला रुमाल सोडून बाईचा हात झोळीत बांधला, जंगलाच्या रखवालदाराला फोन लावला. बाई कण्हत बसली. अण्णा उठून बसला. मग हळूच, बाईला ऐकू जाऊ नये असं म्हणाला, "बाळ, तुझं चाक का वाजलं नाही?"

"काय?"

"वळण आलं की तू पाय थांबवतेस. चाक वाजतं. वाजलं की मी हळू होतो आणि तुझ्यामागं वळतो. आज वाजलंच नाही गं."

तिनं त्याच्या तोंडासमोर हात धरला. "किती बोटं?"

त्यानं मान तिरकी केली, डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं. "चेष्टा करतेस का बापाची?"

"समोर बघून सांगा."

त्याची मान पुन्हा तिरकी व्हायला लागली. सांगता आलं नाही. बाजूची झाडं त्याला दिसत होती, समोरचं सगळं धुक्यात होतं. म्हणजे इतके दिवस हा माणूस तिच्या चाकाचा आवाज धरून चालला होता, आणि तिला वाटत होतं, बाप लेकीची काळजी घेतोय.

रखवालदार धापा टाकत आला. बाईला पाणी पाजलं, खाली अॅम्ब्युलन्स बोलावली. मग अण्णाकडे वळला. "काय झालं काका?"

"ब्रेक लागला नाही," अण्णा म्हणाला. एका झटक्यात. अडखळलासुद्धा नाही.

"ब्रेक कुणी बसवला होता?"

"हिनंच. माझी लेक आहे. जाऊ द्या, चूक होते माणसाकडून."

वा रे बाप! तिच्यावर आळ घेतला आणि तिथल्या तिथं माफही करून टाकलं.

पानानं त्याची सायकल उभी केली. पुढे ढकलत ब्रेक दाबला. चाक जागच्या जागी जाम. पुन्हा दाबला, पुन्हा जाम. रखवालदार बघत होता, बाई बघत होती. तिनं नुसतं हो म्हटलं असतं तर दुकानाला डाग लागला असता, तो धुताही आला असता. पण बाप पुढच्या रविवारी याच उतारावर असता. आणि त्या वेळी झाडाला टेकून एखादं पोर उभं असतं.

"ब्रेक चांगला आहे," ती म्हणाली. "माझ्या बापाला दिसत नाही."

म्हातारा उठला, कपडे झटकले आणि बाळ म्हणणं सोडून तिला म्हणाला, "झालं समाधान, पाना?"

घरी आल्यावर आईनं तोफ डागली. "परक्यांसमोर बापाची लाज काढलीस."

"आणि त्या बाईचा हात?"

"हात जुळतो."

"आई, तुला माहीत होतं?"

आई भांडी घासत होती. घासतच राहिली. "माहीत असून काय करणार होते? घरात बसवून भिंती दाखवू त्याला? त्या जंगलातून तेवढा तो माणसासारखा होऊन परत यायचा."

"मग निदान मला सांगायचंस!"

"तू पुढे असायचीस ना," आई म्हणाली. "मला वाटलं, पुरे आहे तेवढं."

पाना अण्णाच्या खोलीत गेली. "जोडसायकल आणते. दोघांची. हँडल माझ्या हातात, पेडल दोघांचं."

"मी ड्रायव्हर आहे," तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला. "मला बोचकं करून नेऊ नकोस."

दोन-चार दिवसांनी ती त्या बाईला भेटायला गेली. हात प्लास्टरमध्ये, बोटं सुजलेली. बाई शिवणकाम करायची, मशीनवर कापड झाकून ठेवलं होतं. बाईनं एकच विचारलं, "आता नाही ना चालवत ते?"

"नाही," पाना म्हणाली. "शब्द देते."

परतताना ती जंगलाच्या बाजूनं आली आणि थांबली. फाटकापाशी अण्णा उभा होता. फुटपाथवरून सायकल हातानं ढकलत इथवर आला असणार. एका हातानं हँडल धरलं होतं, दुसऱ्या हातानं लोखंडाच्या पट्ट्या चाचपत होता. फट त्याच्या उजव्या हाताला होती, तो डावीकडे शोधत होता.

तिच्या पावलांचा आवाज त्यानं ऐकला. वळला. सरळ तिच्या चेहऱ्याकडे बघितलं.

"अहो, जरा ऐकता का?" तो अगदी अदबीनं म्हणाला. "आत जायची फट कुठे आहे हो? सांगाल का?"

जन्मात बापानं तिला कधी अहो-जाहो केलं नव्हतं.

"बंद आहे," ती म्हणाली.

अण्णाचा हात लोखंडावर थांबला. आवाज त्यानं ओळखला. ओळखलाच.

"कायमची?" त्यानं विचारलं.

"हो."

"बरं," तो म्हणाला. "आभारी आहे, बाई." आणि सायकल वळवून, अनोळखी माणसाला टाळावं तसा तिला वळसा घालून, घराकडे चालायला लागला.