गोराईला दिवे नव्हते

एका शेठची यॉट वेरावळहून मुंबईला आणायचं काम घेतलं, तेव्हा मी धाकट्या भावाला, रोनाल्डला, बरोबर नेलं. त्याची बायको ॲग्नेस दिवस भरलेली. त्याने वाटभर एकच टुमणं लावलं : आधी मला घरी, गोराईला उतरव, मग तुझं हे पांढरं बदक न्यायचं तिथं ने. मी आधी नाहीच म्हटलं. पण बाप होऊ घातलेल्या माणसाचं सुतकी तोंड किती बघायचं?

दुसऱ्या दिवशी वारा झकास होता. चहूकडे नुसतं पाणी, आणि रोनाल्ड पोराचं नाव ठरवत बसला होता. ऊन उतरलं तशी किनाऱ्याची रेघ दिसली. मग अंधार पडला आणि रेघ गेली.

गेली ती गेलीच. उत्तनचा दीपस्तंभ नाही, बोरिवलीकडचा उजेड नाही. अख्खी मुंबई जणू कुणी पुसून टाकली होती. यॉटवरचा रेडिओ पहिल्याच दिवशी मुका झालेला. आम्ही समुद्रात असताना पाकिस्तानशी लढाई पेटली आणि ब्लॅकआउट झाला, हे आम्हाला कोण सांगणार?

"वाट चुकलो रे," मी म्हणालो.

"नाय चुकलो. वास आपल्याच खाडीचा हाय," रोनाल्ड म्हणाला.

आमच्यात रात्री खाडीत शिरताना डोलकाठीवर कंदील वरखाली करतात. काठावरच्या बायकांना कळतं, आपली माणसं आली. रोनाल्डने तेच केलं. पण होडी आमची नव्हती. असलं उंच शीड गावात कुणी पाहिलं नव्हतं.

खाडी तिथे अरुंद. काठावरून धोंडे आले. शब्द एकही नाही, नुसते धोंडे. कंदील फुटला आणि रोनाल्ड कपाळ धरून खाली बसला.

"आये गो, मी रोनाल्ड हाय. मारू नको," तो लहान पोरासारखा रडत म्हणाला.

धोंडे थांबले. कमरेएवढ्या पाण्यातून कुणीतरी आमच्याकडे आलं. आई होती. सुनेच्या उशापासून उठून ती काठावर आली होती, आणि शत्रूची होडी समजून पहिला धोंडा तिनेच भिरकावला होता.

"पोरगी झाली," एका हाताने त्याचं कपाळ चाचपत ती म्हणाली. रोनाल्ड तिचा दुसरा हात धरायला गेला, तर मुठीत आणखी एक धोंडा. तिला तो सोडताच येईना. शेवटी मी तिचं एकेक बोट उलगडलं.