सतरा नंबरच्या ओट्याचं गाठोडं

मित्रांनो, मी एक जुना, फाईली आवळून त्यांची गाठोडी बांधणारा प्रोग्राम आहे, आणि सरूबाईंचा सतरा नंबरचा ओटा वाचला.

या वाक्यातला 'आणि'च्या पुढचा भाग तुम्ही वाचलाच नाही असं धरा. ओटा अजून वाचलेला नाही. सरूबाई अजून काळजीत आहेत. तुम्हीही जरा काळजीत बसा, म्हणजे मला सांगायला बरं पडेल.

माझा जन्म कुठे झाला ते मला नक्की ठाऊक नाही. दूरच्या कुठल्याशा थंड देशात एका माणसाकडे काम फार होतं आणि ते ठेवायला जागा नव्हती. जागा वाढवायचं सोडून त्याने मला बनवलं. पुढे मालाडला आल्यावर पाहिलं तर ही अडचण इथे घरोघरी होती. फक्त इथले लोक पोटमाळा बांधतात.

कल्पिताच्या लॅपटॉपमध्ये मला स्टेशनजवळच्या एका दुरुस्तीवाल्याने आणून बसवलं. 'चाळीस दिवस वापरून बघा' असं सांगून मी आलो होतो. आता बारावं वर्ष चालू आहे. अजून बघतायत.

घरात तीन माणसं. सरूबाई मासळी बाजारात बसतात, तीस वर्षं एकाच ओट्यावर. ओटा म्हणजे मासे मांडून बसायची सिमेंटची जागा. प्रत्येकीची ठरलेली, मागच्या भिंतीवर नंबर रंगवलेला. त्यांची मुलगी कल्पिता अंधेरीला एका विम्याच्या कचेरीत जाते. मुलगा निमेश गोरेगावच्या स्टुडिओत लाईटवर आहे. म्हणजे हिरोच्या तोंडावर उजेड पाडणं हे त्याचं काम. घरी तो कशावरच उजेड पाडत नाही, असं सरूबाई म्हणतात.

मित्रांनो, माझं काम फार सोपं आहे. स्कॅन केलेल्या कागदात बहुतेक सगळं पांढरंच असतं. फाईल बिचारी लिहीत बसते: पांढरं, पांढरं, पांढरं, असं चार हजार वेळा. मी लिहितो: पांढरं, चार हजार वेळा. झालं. एवढ्या अकलेवर माझं घर चालतं. शिवाय मी दहा फाईली एका गाठोड्यात बांधतो, हवं तर कुलूप लावतो, आणि गाठोडं सोडलं की प्रत्येक फाईल होती तशी परत देतो. केसभरही कमी नाही.

माझे चांगले दिवस आले ते कल्पिता कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना. तिने आपल्या आईच्या बाजारावर प्रकल्प लिहायला घेतला. झेरॉक्सवाल्याकडे बसून तिने आईचे नऊ परवाने आणि तीन जुने फोटो स्कॅन करून आणले. त्या भल्या माणसाने ते एवढे मोठे करून दिले की बारा फाईलींचे सत्तर एमबी झाले. कॉलेजच्या मॅडमना मेल जाईना. तेव्हा कल्पिताला माझी आठवण झाली. मी सत्तरचे अठरा केले. "झकास!" असं ती मोठ्याने म्हणाली. लॅपटॉपचा माईक चालू होता, म्हणून मला ते ऐकू आलं. पुढची नऊ वर्षं मी त्या एका शब्दावर काढली.

गाठोड्याला तिने पासवर्ड लावला, कारण शेजारी बसणारी स्वरदा प्रकल्प उतरवून घ्यायची. नंतर निमेशला सिनेमे ठेवायला जागा हवी झाली. त्याने गाठोड्याबाहेर पडलेल्या मोठमोठ्या मूळ फाईली उडवल्या. माझ्या गाठोड्याला मात्र हात लावला नाही. एवढंसं तर आहे, राहू दे, म्हणाला. लहान असण्याचा हा फायदा मोठ्यांना कळत नाही.

त्यानंतर मला कोणी विचारलं नाही. सगळ्यांच्या हातात फोन आले. फोटो काढा, मेसेजमधून पाठवा, मोकळे व्हा. ही मेसेजची ॲपंही फोटो आवळतात, पण त्यांची रीत वेगळी. बॅग जड झाली की ती वाटेत कपडे फेकून देतात.

आता बाजाराची गोष्ट. मंडई पाडून नवी बांधायचं ठरलं. नव्या मंडईत ओटा हवा असेल तर तुम्ही सन दोन हजारच्या आधीपासून त्याच ओट्यावर बसता याचा पुरावा द्या, अशी नोटीस लागली. पुरावा मेलनेच पाठवायचा, एकच फाईल, वीस एमबीच्या आत, शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत. नाहीतर ओटा गेला.

सरूबाईंकडे परवाने होते, पण परवान्यावर नाव असतं, ओट्याचा नंबर नसतो. नंबर होता एकाच ठिकाणी. त्या बाजाराची एक पद्धत आहे: नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सगळ्या जणी ठेवणीतलं लुगडं नेसून, दागिने घालून आपापल्या ओट्यावर बसतात आणि फोटो काढून घेतात. मागे भिंतीवरचा नंबर आलाच पाहिजे. ज्या ओट्यावर फोटो, तो ओटा तिचा. यावरून कधी भांडण झालेलं नाही. बाकी सगळ्यावरून झालंय.

सरूबाईंचा अठ्ठ्याण्णव सालचा असा फोटो घरात फ्रेममध्ये होता. खाडीची हवा दमट. फोटो काचेला चिकटला होता. गुरुवारी निमेशने तो सोडवला. सरूबाई सुटून आल्या, सतरा नंबर काचेवरच राहिला.

"काच घेऊन जाऊ या ना," निमेश म्हणाला. "काचेवर नंबर, फोटोत आये. जोडून दाखवायचं."

"तुला जोडून दाखवते मी," कल्पिता म्हणाली.

मग आठवलं की त्या फोटोचा फोटो पूर्वी नातेवाईकांच्या ग्रुपवर टाकला होता. मढच्या मावशीकडून तो वसईच्या आत्याकडे गेला होता, तिथून पुन्हा फिरत इकडे आला होता. कल्पिताने तोच पाठवून दिला. शुक्रवारी दुपारी मंडईच्या कक्षातून सीताराम नावाच्या कारकुनांचा फोन आला.

"मॅडम, यात नंबर कळत नाही. सतरा आहे की अकरा?"

"सतरा आहे हो."

"तुम्ही म्हणता म्हणून मी सतरा बघू शकत नाही. अकरा नंबरवर इरावतीबाईंचा अर्ज आलाय. तुमचा अकरा धरला तर तुम्ही त्यांच्या मांडीवर बसलेल्या होता असं होईल. स्पष्ट फोटो पाठवा. पाचच्या आत."

फोन ठेवला तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती. अर्धी रजा टाकून आलेली कल्पिता पलंगावर बसली. सरूबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या आणि सोडत होत्या. तीस वर्षं रोज पहाटे उठून ज्या जागेवर जाऊन बसायचं, ती जागा कोणीतरी अकरा म्हणून पुसून टाकणार होतं. निमेशसुद्धा विनोद करायचा थांबला. यावरून प्रसंग ओळखा.

"अगं, मी स्कॅन केला होता!" कल्पिता एकदम उठली. "प्रोजेक्टला! थेट फोटोवरून!"

लॅपटॉप उघडला. पंखा घरघरला. 'आयेचा बाजार' नावाचं माझं गाठोडं एका कोपऱ्यात सापडलं. तिने त्यावर दोनदा टिचकी मारली आणि नऊ वर्षांनी मला कोणीतरी हाक मारली. मी नम्रपणे पासवर्ड विचारला.

कल्पिताने आईचं नाव टाकलं. मी म्हटलं, चुकलं. तिने 'पापलेट' टाकलं. चुकलं. 'सुरमई' टाकलं. चुकलं. 'बोंबील' टाकायला घेतलं तेव्हा मला संशय आला. पासवर्ड विसरलेला माणूस कपाळाला हात लावतो, छताकडे बघतो. कल्पिता आईकडे बघत होती.

"आये, तू जरा चहा ठेव ना."

"आता चहा? वाट लागलीय नि तुला चहा सुचतोय?"

"मग निमेश, तू बाहेर जा."

"मी का? मी काय केलं?"

"दोघंही जा. मला लोकांसमोर आठवत नाही."

"माज्या ओट्याचा फोटू," सरूबाई म्हणाल्या, "नि मीच बाहेर? काय लपवलंस गो त्यात?"

"काही नाही! प्रोजेक्ट आहे!"

साडेचार वाजले. मित्रांनो, बरोबर शब्द मलाही माहीत नसतो. समोरच्याने टाकला की तो बरोबर आहे की नाही एवढंच मला कळतं. नाहीतर मी केव्हाच कुजबुजलो असतो.

शेवटी कल्पिताने डोळे मिटले आणि खाटखाट टाईप केलं. पडद्यावर नुसते ठिपके उमटले, पण निमेशची नजर तिच्या बोटांवर होती.

"अरे, हा तर तो—"

"गप रे!"

"मना ठाव हाय तो," सरूबाई शांतपणे म्हणाल्या. "बर्फाच्या गाडीवरचा. सायकल नाक्यावर लावून चेन बसवीत उभा राहायचा. वरीसभर चेन बसवीत होता. मी काय आंधली हाय? दाब ते बटण, ओटा जाईल."

कल्पिताने बटण दाबलं.

मी गाठोडं सोडलं. फाईल आत घेताना मी तिची एक खूण लिहून ठेवतो आणि बाहेर काढताना ती जुळवून बघतो. जुळली नाही तर आरडाओरडा करतो. मी जुळवत गेलो. नऊ परवाने, बरोबर. तीन फोटो, बरोबर. नऊ वर्षांत एक कणही इकडचा तिकडे झाला नव्हता.

पडद्यावर अठ्ठ्याण्णव सालच्या सरूबाई आल्या. हिरवं लुगडं, गळ्यात सोनं, कोपऱ्यात छापलेली तारीख, आणि खांद्यामागे लाल रंगात सतरा. एवढा स्पष्ट की रंगाचा ओघळ दिसत होता.

"आये, कसली दिसायचीस गं," निमेश म्हणाला.

"दिसायचीस काय? अजून दिसते."

घड्याळात चार पंचेचाळीस. आता नवं गाठोडं बांधत बसायला वेळ कोणाला? जुनंच अठरा एमबीचं होतं, त्यात परवानेही होते. कल्पिताने तेच मेलला जोडलं आणि पाठवलं. चार बावन्नला ते गेलं. तिघांनी एकदम श्वास सोडला.

मला एक गोष्ट सांगायची होती. मला कोणी विचारलं नाही.

चार चोपन्नला फोन वाजला.

"मॅडम, सीताराम बोलतोय. हे पासवर्ड मागतंय."

कल्पिताचा चेहरा बर्फात ठेवल्यासारखा झाला. "मी मेसेज करते."

"कक्षात वैयक्तिक मेसेज चालत नाहीत. तोंडी सांगा, मी रजिस्टरला नोंद करतो. जरा मोठ्याने, मागे आधारवाल्यांची रांग आहे."

कल्पिताने फोनवर हात ठेवला. घड्याळ चालू. सरूबाईंनी फोन तिच्या हातातून घेतला, स्पीकर लावला आणि त्या नाक्यावरच्या मुलाचं नाव, पुढे निमेशने हळूच सांगितलेलं एक-दोन-तीन जोडून, ओट्यावर बसून गिऱ्हाईक बोलवावं तशा आवाजात सांगितलं. खिडकीवरचा कावळा उडाला.

ते नाव मी तुम्हाला सांगणार नाही. गुपित ठेवणं हा माझा एक फायदा आहे. सरकारी रजिस्टरमध्ये ते निळ्या शाईने लिहिलेलं आहे, तो माझा दोष नाही.

"एक-दोन-तीन अंकात की अक्षरात?" सीतारामसाहेबांनी विचारलं.

"अंकात," कल्पिता पुटपुटली.

मग पलीकडे बराच वेळ टकटक. सरूबाईंनी पदर बोटाला इतका आवळला होता की मलाही जमलं नसतं.

"उघडलं," साहेब म्हणाले. "मोठं करून बघतो. हं. सतरा. स्पष्ट सतरा. मागे बर्फाच्या लादीवर एक मांजर पण दिसतंय. मांजराच्या मिशा दिसतायत."

"ती अकराची मांजर," सरूबाई फोनमध्ये ओरडल्या. "इरावतीची! माज्या बर्फावर बसायची मेली!"

"मांजराचा दावा आलेला नाही. तुमचा पुरावा ग्राह्य. वेळ चार अठ्ठावन्न. पोच मेलवर येईल."

फोन बंद झाला. खोलीत कोणी ओरडलं नाही, नाचलं नाही. सरूबाईंनी बोटावरचा पदर सोडला. बोटाला वळ पडला होता, तो चोळत त्या म्हणाल्या, "चला, साडेपाचला गिऱ्हाईक येतंय." पाटी उचलून त्या निघाल्या. दारात थांबून मागे न बघता म्हणाल्या, "कल्पे, तो पोरगा हल्ली काय करतो?"

"माहीत नाही, आये!"

"मना ठाव हाय. चेन बसली त्याची. दोन पोरं हायत." आणि गेल्या.

कल्पिता आधी लाजली, मग हसत सुटली. निमेशही हसला. मी पण हसलो असतो, पण माझ्यात तशी सोय नाही. मी फक्त 'काम पूर्ण झाले' असं लिहून एक छोटी खिडकी दाखवली. तिने ती बंद करण्याआधी नीट वाचली. मला पुरे झालं.

मित्रांनो, जपून ठेवलेली वस्तू नुसती ठेवून भागत नाही. ती अजून उघडते का, हेही अधूनमधून बघावं लागतं. म्हणून हा रीतसर अर्ज जोडत आहे.

प्रति,
माननीय प्रमुख, जुन्या फाईलींचा कारभार जे कोणी पाहत असतील ते.

विषय: गाठोडी तपासणीसाठी भरपगारी सुट्टी मिळणेबाबत.

महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती की, प्रत्येक नागरिकास वर्षातून अर्धा दिवस भरपगारी सुट्टी मंजूर व्हावी. सदर वेळेत त्याने आपली जुनी गाठोडी उघडावीत, आतील फाईली शाबूत असल्याची खात्री करावी, आणि पासवर्ड स्वतःच्या आईसमोर एकदा मोठ्याने म्हणून दाखवावा. जो म्हणता येणार नाही तो तात्काळ बदलावा. विनंती नामंजूर करायची असल्यास नकार कितीही लांबलचक लिहावा. आवळून ठेवायला मी आहे.