ज्या दिवशी मी दाढ काढली नाही

दोऱ्याचं ओलं टोक. पिवळ्या कागदावर ‘नाही’. बसड्रायव्हरची शिट्टी. वाफ.

मित्रांनो, मी दातांच्या दवाखान्यातला एक जुना चिमटा आहे आणि हे सगळे माझ्याच आयुष्याचे तुकडे आहेत. मी पोलादाचा. रोज वाफेची अंघोळ, मग पाकिटात झोप. “लोण्यातून केस काढावा तसा चालतो हा!” डॉक्टरीणबाई म्हणायच्या. पोलादाला फुगता येत नाही, तरी मी फुगायचो.

मग ड्रायव्हरकाका आले. दाढ झटक्यात निघाली, पण जखम काही भरेना. कित्येक महिन्यांनीही हिरडीतून जबड्याचं हाड उघडंच दिसे. कर्करोग हाडांत पसरल्यामुळे काका हाडं बळकट करणारं इंजेक्शन घेत होते. त्या औषधावर असताना दात काढला, तर क्वचित जबडा असा रुसून बसतो. काकांची शिट्टी बंद झाली. माझी चमकही मला बोचू लागली.

पुढे एकदा शिंपीणमावशी जावेला घेऊन आल्या. जन्मभर दाताने दोरा तोडलेला. दाढ पार किडलेली.

“उपट गं बाई! सासूनेही एवढं छळलं नव्हतं.”

पिवळ्या फॉर्मवर औषधांपुढे ‘नाही’ लिहिलं होतं. मी पाकिटातून बाहेर, अगदी सज्ज! बाईंनी तरी विचारलंच, “मावशी, गोळी नाही. पण सुई, सलाईन?”

“सुई आहे की, महिन्याला एक. पण ती हाडांची! कर्करोगाच्या डॉक्टरांकडची. दाताचा काय संबंध?”

“दात काय हवेत लटकलेत, मावशी?”

मावशींची जाऊ खो खो हसली. बाईंनी मला खाली ठेवलं आणि कर्करोगाच्या त्या डॉक्टरांना फोन लावला. दाढ काढली नाही. आतली कीड साफ करून वाचवली. मावशींचा जबडा शाबूत राहिला. आता त्या दोरा कात्रीने कापतात आणि कात्री सापडली नाही की जावेवर खेकसतात.

ड्रायव्हरकाकांची जखमही दीड वर्षाने भरली. त्या दिवशी दारातूनच अशी शिट्टी आली, की ट्रेमधला आरसा थरथरला!

मित्रांनो, घरात कोणी असं औषध घेणार असेल, तर आधी दात दाखवून घ्या. चालू असेल, तर दातांच्या डॉक्टरांना त्यांनी न विचारताही सांगा. औषध आपल्या मनाने बंद करू नका. मला बेकार ठेवा, मी आनंदात राहीन.

ड्रायव्हरकाकांच्या फॉर्मवरही ‘नाही’च लिहिलं होतं.