जय आणि भीम यांच्या मधली रेघ

नाव: महेंद्र. माझा नवरा.
वय: त्रेचाळीस. रोजच्या बिड्याही जवळपास तेवढ्याच.
तक्रार: बारा एप्रिल, दोन हजार पाच. बेलवलीत मंडळाच्या बॅनरवर छाप धरून निळा रंग मारताना दम लागला. ‘जय’ झालं होतं, ‘भीम’ राहिलं.
एक्स-रे: उजवं फुप्फुस, वरचा अर्धा भाग काळाकुट्ट.

“हे काळं म्हणजे हवा. ती फुप्फुसाच्या बाहेर साठली असेल तर छातीत नळी घालून काढावी लागेल,” डॉक्टर तेजल म्हणाल्या. “पण फुप्फुसातच मोठा फुगा झाला असेल तर नळीने तोच फाटेल.”

“मग बघा ना काय आहे ते!”

“कड बघायची असते, माया ताई. छातीच्या भिंतीसोबत चालली तर हवा बाहेरची. वाटीच्या बुडासारखी वळली तर फुगा. एक्स-रे काढताना हे हलले, कड पुसट आली. सीटी स्कॅनला उल्हासनगरला न्यावं लागेल. जुना एक्स-रे आहे?”

महेंद्रने माझ्याकडे पाहिलं. मी महेंद्रकडे.

“आहे. म्हणजे होता. म्हणजे... आहेच!”

(रिक्षा. “दादा, उडवा!” खड्डा. खड्डा. बॅनर. छाप. रिक्षा. खड्डा. माझा पदर निळा.)

डॉक्टरांनी फिल्म दिव्यावर लावली आणि त्यांच्या कपाळावर प्रकाशाचं ‘जय भीम’ उमटलं.

“तुम्ही एक्स-रे कापलात?”

“चार वर्षांपूर्वीचा. तेव्हाचे डॉक्टर म्हणाले, साधा खोकला आहे. मग एवढी जाड फिल्म वाया घालवायची?”

“अक्षर बघा, डॉक्टर,” मास्कमधून महेंद्र. “एक कोपरा वाकडा नाही.”

“दम लागलाय ना तुला? गप पड!”

मी स्पिरिटचा बोळा घेऊन फिल्मवरचा निळा रंग घासायला लागले. वर ‘जय’, नुसतं भोक. खाली ‘भीम’, नुसतं भोक. मध्ये दोन बोटं जागा. रंग निघाला आणि त्या दोन बोटांत

एक पांढरी बारीक रेघ. वळलेली.

“वाटी!” डॉक्टर ओरडल्या.

“वाटी!” मी ओरडले.

“डॉक्टर, नळी आणलीय,” ट्रे घेऊन आलेली सिस्टर म्हणाली.

“परत ने! फुगा आहे, चार वर्षं जुना. आता वाढलाय. सीटीने खात्री करू, पण नळी नाही.”

मी महेंद्रच्या खिशातून बिड्यांचा कट्टा काढला आणि सिस्टरच्या ट्रेमध्ये टाकला. नळीबरोबर तोही गेला.

“ही फिल्म आता इथेच राहील,” डॉक्टर म्हणाल्या.

“आणि ‘भीम’?” महेंद्र.

त्यांनी सकाळची हललेली फिल्म काढली. “सीटी झाली की ही बाद. कापा.”

“मला तर तुम्ही उठू देत नाही...” महेंद्र.

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी कधी सरळ भाजीही कापलेली नाही.

त्या वर्षी बेलवलीच्या बॅनरवर ‘जय’ ताठ होतं आणि ‘भीम’ जरासं डावीकडे कललेलं. महेंद्र अजून त्यावरून मला टोमणे मारतो, एका दमात.