भोंगा थांबला की थांबायचं

"काका, एकदा वाजवा ना. आवाज येऊ द्या व्हिडिओत," स्वराज म्हणाला आणि मोबाइल आडवा धरून अंगणात दोन पावलं मागे सरकला.

भागुजीने हँडलला बांधलेला रबरी फुगा दाबला. पों-पों. पितळी कर्णा जुनाच होता. फुगा मात्र उन्हाने चिरतो, तो बदलावा लागतो. आवाज समोरच्या भिंतीवर आपटून नदीकडे गेला. दावणीची शेळी उठून उभी राहिली.

"हाच आवाज!" स्वराज खूश झाला. "लहानपणी हा ऐकला की मी पळत दारात यायचो. पण तुम्ही आमच्या दारात कधी थांबायचाच नाहीत, काका. भोंगा वाजवायचा आणि सुसाट पुढे. मी रडून गोंधळ घालायचो. का हो थांबत नव्हता?"

ओट्यावर मटकी निवडत बसलेली जानकाबाई मान वर न करता हसली.

"उतार हाय तिथं," भागुजी म्हणाला. "ब्रेक लागायचं न्हाईत."

स्वराज वरच्या आळीतला, कुशाबाईचा एकुलता एक. पुण्यात इंजिनिअर होता आणि सुट्टीच्या दिवशी सायकल चालवायचा. आता त्याने आणि त्याच्या मित्रांनी घोड नदीच्या खोऱ्यातली सायकल सफर आखली होती. घोडेगावातून निघायचं, शिनोली मागे टाकायची, मग मोठा रस्ता सोडून नदीकाठच्या लहान रस्त्याने धरणापर्यंत जायचं आणि पलीकडच्या काठाने परत यायचं. ही पहिली सफर नीट झाली, तर दर हिवाळ्यात लोक येणार होते. नाश्ता त्रिरत्ननगरात, म्हणजे भागुजीच्या वस्तीवर, विहाराच्या अंगणात. सगळ्यांच्या पुढे भागुजी, त्याची जुनी सायकल, मागे पावाचं क्रेट आणि भोंगा.

"लोकांना असं काहीतरी अस्सल लागतं," स्वराज म्हणाला.

"म्हंजी म्हातारं?" जानकाबाईने विचारलं.

स्वराज गेल्यावर ती शेजारणींना सांगायला उठली. मटकी किती भिजवायची, चूल कुणाची, तांब्या-पेले कुठून आणायचे, यावर संध्याकाळभर बोलणं चाललं. "आजवर ह्या वस्तीवर मतं मागाया लोक आलं," ती म्हणाली, "पानीसुदिक बाटलीतलं पिऊन गेलं. जेवाया कोन आलं न्हाई. बसू द्या की एकदा मांडी घालून."

भागुजीने तरुणपणापासून पाव विकले होते. उजाडायच्या आत घोडेगावच्या बेकरीतून क्रेट भरून घ्यायचं, वर ओलं फडकं, त्यावर प्लास्टिक. खारी वेगळ्या डब्यात, कारण पावाची वाफ लागली की खारी मऊ पडते. मग एकेक वाडी, एकेक आळी. चढाला उतरून ढकलायचं, उताराला बसायचं. पावसाळ्यात पावाआधी स्वतः भिजायचं.

वरच्या आळीतला पहिला उतार कुशाबाईच्या दारावरून जायचा. पहिल्या दिवशी तो तिथं थांबला, तेव्हा ती तरुण सासुरवाशीण होती. दाराबाहेर एक सपाट दगड होता. त्यावर पैसे ठेवलेले होते आणि शेजारी पाण्याचा तांब्या.

"पाव ठेव दगडावर," ती म्हणाली, "अन् सरक तिकडं."

भागुजीने पाव ठेवले. तिने तांब्या उचलला आणि तिथंच अडकली. पैशांवर पाणी शिंपडता येतं, भांड्यावर येतं. पावावर शिंपडलं तर त्याचा लगदा होतो. ती तांब्या धरून उभी राहिली. भागुजीने थोडा वेळ वाट पाहिली, मग पाव उचलून परत क्रेटमध्ये ठेवले.

"वयनी, भाकर करा," तो म्हणाला आणि निघाला.

दुसऱ्या दिवशीपासून त्या दारासमोर तो भोंगा वाजवायचा, आणि थांबायचा नाही. चुकवून गेला असता तर गोष्ट वेगळी होती. तो वाजवायचाच. पुढे त्या घरात पोर झालं, ते धावत बाहेर यायला लागलं, मागे रडण्याचा आवाज यायला लागला. जानकाबाई म्हणायची, "आवं, लेकराचा काय गुन्हा?" पण त्या उतारावर भागुजी मान वळवायचा नाही, हेही खरं.

सफरीच्या आदल्या दिवशी दुपारी स्वराजचा फोन आला, तो यशोधरेने घेतला. ही भागुजीची मुलगी. नारायणगावला माती तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती आणि सफरीसाठी सुट्टी घेऊन आली होती. ती बराच वेळ नुसती ऐकत होती.

"आबा, नाश्ता त्यांच्या बंगल्यावर करायचं ठरलंय," ती फोन ठेवून म्हणाली. "गाड्या लावायला जागा, टॉयलेट, असं सगळं सांगत होता. नाश्ता करून तिथूनच धरणाच्या रस्त्याला लागणार. खाली वस्तीवर यायचंच नाही."

"गाड्या? सायकलीच हायेत की," जानकाबाई म्हणाली.

"मी तेच म्हटलं. मग म्हणाला, आईचं वय झालंय. आपल्या दारावरनं पाहुणे उपाशी जातील आणि तिकडं जाऊन खातील, हे तिला चालत नाही. समजून घ्या म्हणाला."

जानकाबाईने कोपऱ्यातलं फडकं उघडलं. मटकीला बोटाच्या पेराएवढे मोड आले होते.

"हिला कोन समजवनार आता?" ती म्हणाली. "मोड आल्यालं कडधान्य परत झोपत न्हाई."

"तू रस्सा कर," भागुजी म्हणाला.

"कुनासाठी?"

"कर तर."

"अन् तुमी जानार हाय उद्या? त्यांच्या म्होरं? त्यांच्या दारात भोंगा वाजवाया?"

भागुजी चेनला तेल सोडत होता. "व्हय," तो म्हणाला. "भोंगा वाजवायाच चाल्लोय."

सकाळी घोडेगावात हेल्मेट घातलेली, रंगीबेरंगी कपड्यांतली माणसं जमली. धुकं अजून नदीवरून उठलं नव्हतं. स्वराजने टाळी वाजवली. "मित्रांनो, पुढे खोऱ्यात रेंज नाही. मोबाइलवर रस्ता बघत बसू नका. एकच नियम. काकांच्या भोंग्याच्या मागे राहायचं. भोंगा थांबला की थांबायचं. मी शेवटी असेन, कुणी मागे राहिलं तर बघतो."

"काका, स्पीड काय तुमचा?" एका मुलीने विचारलं.

"पाव चेंगरत न्हाई इतका," भागुजी म्हणाला, आणि सगळे हसले.

शिनोली गेली. लहान रस्त्याला दोन्ही बाजूंनी ऊस आला, तशी भागुजीने लय धरली. उसात बिबट्या असतो, म्हणून तिथून तो वाजवतच जायचा. पों-पों, थोडी पायडलं, पों-पों. मागून चाकांची बारीक टिकटिक येत होती. चढाला तो उतरला, तर मागचे निम्मे उतरले. मग वरच्या आळीतली कौलं दिसली, त्यांच्या मधोमध नवा बंगला आणि रस्त्यावरच घातलेला मांडव. टेबलांवर पांढरे कपडे, स्टीलची पातेली. दारात काठी टेकून कुशाबाई उभी होती. दगड होता तिथंच होता; त्यावर आता तुळशीची कुंडी होती.

उतारावर सायकल थांबवायला कारण लागतं; पुढे जायला लागत नाही.

भागुजीने फुगा दाबला. दाबतच राहिला.

"आरं थांब!" कुशाबाई ओरडली. "भागू! ए भागू, हितं थांबायचंय!"

एवढ्या वर्षांत तिने त्याला पहिल्यांदा नावाने हाक मारली होती. भागुजीने मान वळवली, तिच्याकडे नीट बघितलं आणि पुन्हा भोंगा वाजवला. त्याच्या मागून पहिली सायकल गेली, दुसरी गेली, मग सगळी रांगच गेली. कुणीतरी मांडवाकडे हात हलवून म्हणालं, "नमस्कार आजी!" आणि वाऱ्यासारखं खाली उतरलं.

उताराच्या शेवटी नदी, नदीकाठी त्रिरत्ननगर. विहाराच्या अंगणात सतरंज्या अंथरलेल्या होत्या आणि रश्श्याचा वास वळणावरूनच यायला लागला होता. भागुजीने सायकल स्टँडवर लावली. भोंगा थांबला. सगळे थांबले.

"पावणं, बसा," जानकाबाई म्हणाली. "मांडी घालता येती ना?"

पहिल्या पंगतीचे पाव वाटून होत आले, तेव्हा स्वराज आला. सायकल हातात धरून, चालत. त्याने अंगणाच्या कडेला ती टेकवली. चेहरा लाल होता, पण उताराने कुणाला धाप लागत नाही.

"काका, आपलं आमच्या दारात थांबायचं ठरलं होतं."

"ब्रेक लागलं न्हाईत."

स्वराज हसला नाही. "मी आईला विचारलं," तो हळू म्हणाला. "तुम्ही कधीच का थांबला नाहीत ते."

"काय म्हन्ली?"

"काही नाही. कुंडीकडे बघितलं आणि आत गेली. मग चुलतीने सांगितलं."

भागुजी फडक्याची घडी घालत होता. जानकाबाई रश्श्याचा डाव घेऊन आली.

"प्लेटी संपल्या," ती म्हणाली. "हात म्होरं करा, भाऊ."

स्वराजने उजवा हात पुढे केला. भागुजीने त्यावर पाव ठेवला. स्वराजने तो नुसताच, कोरडा, उभ्याने खाल्ला. मग क्रेटकडे बघत म्हणाला, "अजून एक द्याल? आईसाठी."

भागुजीने क्रेटमधला पाव दाबून पाहिला. मऊ होता. तो त्याने स्वराजच्या हातावर ठेवला.

"तिच्या हातात द्या," तो म्हणाला. "दगडावर ठिवू नका."

स्वराजने पाव पाठीवरच्या खिशात घातला आणि सायकल वळवली. चढ त्याला जड गेला. वळणापर्यंत तो सीटवरून उठून पायडल मारताना दिसत होता. खाली अंगणात दुसरी पंगत बसत होती.